गोल खांबाचे घनफळ : लीलावतीपासून ब्रासपर्यंत

गोल खांबाला किती काँक्रीट लागेल, हा प्रश्न बांधकामाच्या अंदाजपत्रकात एका ओळीत सुटतो. व्यासाच्या वर्गाला ०.७८५४ ने गुणले की छेदाचे क्षेत्रफळ मिळते आणि त्याला उंचीने गुणले की खांबाचे घनफळ हाती येते. या एका ओळीत मात्र दोन निरनिराळे इतिहास एकत्र आलेले आहेत. पहिला वर्तुळाच्या गणिताचा असून तो भारतात साडेआठशेहून अधिक वर्षांपूर्वीच व्यवहाराला पुरून उरेल इतका पक्का झाला होता. दुसरा ओल्या, मिसळून ओतायच्या मालाच्या मोजमापाचा आहे. तो सिमेंटच्या मागोमाग विसाव्या शतकात आला आणि लहानमोठ्या बांधकामांवर अद्याप पुरता स्थिरावलेला नाही. गोल खांबाचा अंदाज चुकतो तो बहुधा या दुसऱ्या बाजूला, आणि तरीही शिकवताना व तपासताना सगळा भर पहिल्या बाजूवर दिला जातो.

भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे इ.स. ११५० मध्ये, ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला आणि त्यातील अंकगणित व क्षेत्रमापनाचा भाग ‘लीलावती’ या नावाने प्रसिद्ध झाला. त्यांचे मूळ गाव कोणते याविषयी अभ्यासकांत मतभेद असले, तरी त्यांच्या घराण्याचा महाराष्ट्राशी असलेला संबंध शिलालेखाने सिद्ध झालेला आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील देवीच्या मंदिरात शके ११२८ चा जो लेख आहे, त्यात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची आणि निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्यास दान दिल्याची नोंद आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. संस्कृतात सुरू होणारा हा लेख शेवटी जुन्या मराठीत उतरतो तो मठाला कोणत्या मालावर किती हिस्सा द्यायचा हे सांगण्यासाठी. शास्त्र संस्कृतात आणि मोजमाप लोकांच्या बोलीत, अशी ही विभागणी पुढेही पुष्कळ काळ टिकलेली दिसते.

‘लीलावती’तील जी प्रकरणे आजच्या अंदाजपत्रकाच्या सर्वांत जवळ येतात, त्यांना व्यवहार असे म्हटले आहे. खातव्यवहारात खोदकामाचे, चितिव्यवहारात विटांच्या रचलेल्या ढिगाचे, क्रकचव्यवहारात लाकूड कापण्याच्या कामाचे आणि राशिव्यवहारात धान्याच्या राशीचे गणित आहे. खड्ड्याची रुंदी सर्वत्र सारखी नसेल तर ती निरनिराळ्या ठिकाणी मोजावी, मापांच्या बेरजेला ठिकाणांच्या संख्येने भागावे, लांबी आणि खोली यांचेही तसेच करावे व मग गुणाकार करून घनहस्तांत उत्तर काढावे, असा तेथील नियम आहे. घनहस्त म्हणजे एक हात लांब, एक हात रुंद आणि एक हात खोल इतकी जागा. आज मातीकामाची मापे घेणारा कनिष्ठ अभियंता नेमके हेच करतो. राशीच्या बाबतीत तर भास्कराचार्य व्यासाला हातच लावत नाहीत, कारण धान्याच्या ढिगाचा व्यास दोरीने मोजता येत नाही, त्याचा घेर मात्र मोजता येतो. घेराचा सहावा भाग घ्यावा, त्याचा वर्ग करावा आणि उंचीने गुणावे, असा तो नियम असून त्यात वर्तुळाचे गुणोत्तर केवळ ३ धरलेले आहे. धान्य मोजणाऱ्याला तेवढी सूक्ष्मता पुरेशी होती आणि हे भास्कराचार्यांनी जाणूनबुजून केले होते, कारण त्याच ग्रंथात परिघ आणि व्यास यांचे गुणोत्तर त्यांनी दोन पायऱ्यांत दिलेले आहे. सूक्ष्म कामासाठी ३९२७ भागिले १२५० आणि स्थूल, म्हणजे रोजच्या व्यवहारातल्या, कामासाठी २२ भागिले ७. कामाच्या गरजेनुसार अचूकता ठरवण्याची ही दृष्टी सूत्रांपेक्षाही मोलाची आहे.

या नियमांची उपपत्ती, म्हणजे ते का खरे आहेत याचे स्पष्टीकरण, कोकणातल्या एका टीकाकाराने दिले. ‘ग्रहलाघव’ लिहिणाऱ्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका पूर्ण केली. वर्तुळाचे क्षेत्रफळ म्हणजे अर्ध्या परिघाचा आणि अर्ध्या व्यासाचा गुणाकार, हे समजावताना वर्तुळाचे दोन अर्ध करावेत, प्रत्येकाला केंद्रापासून परिघाकडे बारीक चिरा देऊन ते सुईसारख्या टोकदार पाकळ्यांत उलगडावेत आणि दोन्ही उलगडे एकमेकांत बसवावेत, असे त्यांनी सांगितले आहे. टोकांच्या मधल्या फटी समोरच्या टोकांनी भरल्या की जो आयत तयार होतो, त्याची लांबी अर्धा परिघ आणि रुंदी अर्धा व्यास असते. बारा बाजूंच्या बहुकोनापासून सुरुवात करून बाजूंची संख्या दुप्पट करीत ३८४ पर्यंत नेली की ३९२७ भागिले १२५० हे गुणोत्तर कसे मिळते, हेही याच टीकेत आले आहे. शाळेच्या वर्गात पुठ्ठ्याचे वर्तुळ कापून हा प्रयोग आजही करता येतो.

या जुन्या गुणोत्तरांची कसोटी प्रत्यक्ष खांबावर लावून पाहिली तर ती किती उतरतात? ४५० मिलिमीटर व्यासाच्या आणि ३ मीटर उंचीच्या खांबाचे घनफळ ०.४७७ घनमीटर, म्हणजे सुमारे ४७७ लिटर भरते. २२ भागिले ७ वापरले तर उत्तर सुमारे ०.२ लिटरने वाढते आणि भास्कराचार्यांचे सूक्ष्म गुणोत्तर वापरले तर फरक सुमारे १ मिलिलिटर एवढाच राहतो. राशिव्यवहारातील ३ हे गुणोत्तर मात्र खांबाला चालणार नाही, कारण त्याने २१.५ लिटर काँक्रीट कमी भरते.

तरीही जुन्या बांधकामात गोल खांबाचे घनफळ अशा रीतीने काढण्याचे प्रयोजन फारसे नव्हते आणि त्याचे कारण सामग्रीत आहे. यादवकालीन मंदिरांत तळाशी चौकोनी, वर अष्टकोनी आणि त्याहून वर गोल होत जाणारे दगडी खांब दिसतात. असा खांब चौरस चिऱ्यातून कोरून काढला जात असल्याने खाणीतून आणायचा दगड चौकोनी घनफळाचाच लागे आणि गोलाई आणण्यासाठी चिऱ्याच्या कोपऱ्यांतला साडेएकवीस टक्के दगड छिन्नीखाली जाई. म्हणजे गोल आकारात माल वाचत नसे, उलट मजुरी वाढे. लाकडाच्या व्यापारातही हाच आकडा निराळ्या वाटेने येतो. ओंडक्याचा घेर मोजायचा, त्याचा चौथा हिस्सा घ्यायचा, त्याचा वर्ग करून लांबीने गुणायचे, ही चौथाई घेराची पद्धत एडवर्ड हॉपस या इंग्रज लेखकाने १७३६ मध्ये कोष्टकांच्या रूपात रूढ केली आणि इंग्रजी अमदानीत ती भारतातल्या सागाच्या ओंडक्यांनाही लागू झाली. या पद्धतीने येणारे घनफळ खऱ्या घनफळाच्या साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच असते. उरलेला भाग साल आणि करवतीखाली जाणारा भुसा यांच्यापोटी सोडलेला समजला जातो. लाकडाला न्याय्य असलेली ही सवलत काँक्रीटला लागू केली, तर वर सांगितलेल्या खांबात १०० लिटरहून अधिक माल कमी पडेल. काँक्रीट साच्यात ओतले जाते, त्याला साल नाही आणि कोरून काढायचे कोपरेही नाहीत. त्यामुळे गोल आकाराचे नेमके घनफळ काढणे त्याच्याबाबतीत प्रथमच पैशाच्या हिशेबाचा विषय झाले.

हिशेबाची सरकारी चौकट त्याआधीच उभी राहिली होती. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी १८२० च्या दशकात मुंबईत अभियांत्रिकीचे वर्ग चालवले आणि त्यांसाठी भूमिती व गणिताचे ग्रंथ मराठीत आणले, हे आज फारसे कोणाच्या ध्यानात नसते. या प्रांतातले आधुनिक क्षेत्रमापनाचे शिक्षण देशी भाषांत सुरू झाले होते. लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीत १८५४ मध्ये सार्वजनिक बांधकाम खाते स्वतंत्र झाले आणि त्याच वर्षी त्या खात्याला दुय्यम अधिकारी पुरवण्यासाठी पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग निघाला, जो पुढे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून नावारूपाला आला. दरसूची, अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तक ही तीन साधने या खात्याने रुजवली. मोजमाप पुस्तकाची पाने क्रमांकित असतात, त्यातली नोंद खोडून पुसून टाकता येत नाही आणि ठेकेदाराचे देयक त्या नोंदीवरच निघते. घनफळाच्या गणिताला कागदोपत्री पुराव्याचे बळ येथे मिळाले.

मालाचे एकक मात्र बाजाराने आपल्या सोयीने राखले. महाराष्ट्रात वाळू, खडी आणि मुरूम ब्रासवर विकले जातात; ब्रास म्हणजे शंभर घनफूट, दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि एक फूट उंच रचलेला ढीग. फरशी किंवा गिलाव्याच्या कामात हाच शब्द शंभर चौरस फुटांसाठी वापरतात आणि संदर्भावरून अर्थ आपोआप कळतो. अठरा इंच व्यासाचा, दहा फूट उंचीचा खांब १७.६७ घनफूट भरत असल्याने तसे सहा खांब म्हणजे ब्रासहून किंचित अधिक काँक्रीट, हा हिशेब मुरलेल्या मिस्त्र्याला तोंडपाठ असतो. १९५६ च्या कायद्याने देशात मेट्रिक मापे आली, ब्रासचे २.८३ घनमीटर झाले, पण गौण खनिजाच्या व्यवहारात ब्रास टिकून राहिला. त्यामुळे एकाच खांबाचे काँक्रीट घनमीटरमध्ये मोजले जाते, सिमेंट गोणीत येते आणि वाळू ब्रासमध्ये. अंदाजपत्रक करणाऱ्याचा निम्मा वेळ या तीन एककांचा मेळ घालण्यातच जातो.

सिमेंटचा इतिहास येथे थोडक्यात सांगितला तरी पुरे. जोसेफ ॲस्पडिनने १८२४ मध्ये इंग्लंडमध्ये पोर्टलँड सिमेंटचे पेटंट घेतले. भारतात पोरबंदरच्या कारखान्यातून १९१४ मध्ये नियमित उत्पादन सुरू झाले. १९२७ मध्ये काँक्रीट असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली आणि १९३६ मध्ये दहा कंपन्या एकत्र येऊन एसीसी अस्तित्वात आली. गोल खांबाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे काम विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये आर्मां काँसिदेर यांनी केले. खांबाच्या उभ्या सळयांभोवती मळसूत्री सळई, जिला बांधकामावर स्पायरल म्हणतात, जवळजवळ वेढ्यांनी गुंडाळली तर भाराखाली बाजूंना फुगू पाहणारे काँक्रीट त्या वेढ्यांत जखडले जाते आणि खांबाची ताकद वाढते, हे त्यांनी दाखवून दिले. गोल छेदात हा ताण सर्व बाजूंनी सारखा वाटला जातो, चौकोनी छेदात तो कोपऱ्यांपाशीच एकवटतो. भारतीय मानक आयएस ४५६ मध्ये योग्य प्रमाणात मळसूत्री सळई असलेल्या खांबाची क्षमता साध्या रिंगांच्या खांबाच्या १.०५ पट धरण्याची मुभा आहे आणि गोल खांबात उभ्या सळया किमान सहा हव्यात असेही बंधन आहे.

याच सुमारास अमेरिकेत सी. ए. पी. टर्नर यांनी तुळया नसलेल्या छताची पद्धत आणली, ज्यात गोल खांबाचा माथा छताखाली पसरत जातो. अशा पसरट माथ्याचे घनफळ काढताना आजही दोन चुका सर्रास होतात. खांब ४५० मिलिमीटर व्यासाचा असेल, माथा तितक्याच उंचीत ९०० मिलिमीटरपर्यंत पसरत असेल आणि दोन व्यासांची सरासरी काढून साध्या खांबासारखे गणित केले, तर उत्तर १६१ लिटर येते. वरच्या आणि खालच्या क्षेत्रफळांची सरासरी धरली तर १७९ लिटर येते. खरे उत्तर १६७ लिटर आहे. खातव्यवहारात भास्कराचार्यांनी तोंडाशी आणि तळाशी निरनिराळ्या मापांच्या खड्ड्यासाठी जो नियम दिला, तो येथे उलट्या बाजूने जसाच्या तसा लागू पडतो. तोंडाचे क्षेत्रफळ, तळाचे क्षेत्रफळ आणि दोन्ही मापांच्या बेरजेवरचे क्षेत्रफळ ही तिन्ही मिळवावीत, सहाने भागावे आणि खोलीने गुणावे. या खांबाच्या माथ्यावर तो वापरला असता बरोबर १६७ लिटर मिळतात. विहिरीच्या खोदाईसाठी उपयोगी पडणारा नियम काँक्रीटच्या माथ्याला पुरावा, यापेक्षा त्याच्या पक्केपणाचा मोठा दाखला नाही.

घनफळ मिळाल्यावर खरा कठीण भाग सुरू होतो. ४७७ लिटर काँक्रीट करण्यासाठी ४७७ लिटर कोरडा माल पुरत नाही, कारण खडीच्या पोकळ्यांत वाळू शिरते, वाळूच्या पोकळ्यांत सिमेंट शिरते आणि पाणी घालून ठोकल्यावर सगळा माल आटतो. म्हणून कोरड्या मालाचे घनफळ १.५४ पट धरण्याचा प्रघात आहे. हा आकडा अनुभवातून आलेला असून खडीचा आकार आणि वाळूची जाडी बदलली की तोही बदलतो. एम २० दर्जाच्या, म्हणजे एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू आणि तीन भाग खडी अशा मिश्रणासाठी या खांबाला ७३५ लिटर कोरडा माल लागतो. त्यात सिमेंट सुमारे १३४ लिटर, वाळू २०० लिटर आणि खडी ४०१ लिटर असते. पन्नास किलोची गोणी सुमारे ३५ लिटर भरत असल्याने हे सिमेंट चार गोण्यांच्या किंचित आत बसते. वाळू आणि खडी मोजण्याची पेटीही त्यासाठीच ३० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि ३९ सेंटिमीटर उंच अशी ३५ लिटरची ठेवतात, म्हणजे एका गोणीला वाळूच्या दीड पेट्या आणि खडीच्या तीन पेट्या हे प्रमाण घमेल्यांच्या अंदाजावर सोडावे लागत नाही.

पेटी अचूक असली तरी वाळू अचूक नसते. नदीतून उपसलेली ओलसर वाळू कोरड्या वाळूपेक्षा जास्त जागा व्यापते, कारण कणांभोवती साचलेला पाण्याचा पातळ थर त्यांना एकमेकांपासून दूर लोटतो. याला वाळूचा फुगवटा म्हणतात. चार-पाच टक्के ओलाव्याला तो बारीक वाळूत पंचवीस ते तीस टक्क्यांपर्यंत जातो आणि पाणी वाढत जाऊन वाळू पुरती बुडाली की नाहीसा होतो. काचेच्या नळकांड्यात २०० मिलिमीटर उंचीपर्यंत ओलसर वाळू भरावी, वर पाणी ओतून ढवळावे आणि निवळू द्यावे. ती १६० मिलिमीटरवर बसली तर फुगवटा पंचवीस टक्के आहे. एवढी साधी परीक्षा बांधकामावर क्वचितच केली जाते. फुगवटा वीस टक्के असताना २०० लिटर मोजून घेतलेली वाळू प्रत्यक्षात १६७ लिटरच असते, म्हणजे एका खांबामागे ३३ लिटर वाळू मिश्रणात पोहोचतच नाही. वर्तुळाचे गुणोत्तर ३ धरले तर होणाऱ्या चुकीपेक्षा ही तूट मोठी आहे. साच्याचेही तसेच आहे. ४५० मिलिमीटरचा साचा ओल्या काँक्रीटच्या दाबाने फुगून ४६० झाला, तर घनफळ २१ लिटरहून अधिक वाढते, कारण व्यास गणितात दोनदा येतो. व्यासात एक सेंटिमीटरची ढिलाई म्हणजे बाराव्या शतकातल्या धान्याच्या व्यापाऱ्याचे गणित खांबाला लावण्यासारखे आहे.

मोजमापाच्या नियमांनी या तपशिलांपैकी काहींचा निकाल लावून टाकला. आयएस १२०० या मोजमापाच्या मानकानुसार काँक्रीटच्या घनफळातून सळयांची जागा वजा होत नाही, त्यामुळे १६ मिलिमीटरच्या आठ सळया असलेल्या या खांबात जवळपास पाच लिटर लोखंड काँक्रीट म्हणून मोजले जाते आणि तरीही कोणाची तक्रार नसते, कारण ही वहिवाट दोन्ही पक्षांना आधीच ठाऊक असते. घनफळ ०.०१ घनमीटरपर्यंत नोंदवायचे असल्याने ०.४७७ चे ०.४८ होतात, म्हणजे आकडा पूर्ण करण्यातच जवळपास तीन लिटरचा फरक पडतो. २२ भागिले ७ आणि अचूक गुणोत्तर यांच्यातला फरक याच्या जेमतेम पंधराव्या हिश्शाइतका आहे.

काँक्रीटची ताकद प्रामुख्याने पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावर ठरते, हा नियम डफ अब्राम्स यांनी शिकागो येथे १९१८ मध्ये मांडला आणि तेव्हापासून शास्त्र पेटीकडून काट्याकडे, घनफळाकडून वजनाकडे वळले. भारतात आयएस ४५६ पहिल्यांदा १९५३ मध्ये निघाले, १९७८ च्या आवृत्तीपासून एम १५, एम २० ही आजची नावे रूढ झाली आणि २००० च्या आवृत्तीने सळईयुक्त काँक्रीटला किमान एम २० चे बंधन घातले. मोठ्या शहरांत तयार काँक्रीट गाड्यांतून येऊ लागल्यावर अंदाजपत्रकात केवळ घनमीटर उरले आणि वाळूच्या ओलाव्याची चिंता कारखान्याकडे गेली. तालुक्याच्या गावी, जेथे गोणी, घमेले आणि ब्रास यांच्यावरच काम चालते, तेथे ती चिंता मिस्त्र्याची आहे आणि त्याच्या हाती तिच्यासाठी काहीही साधन दिलेले नाही. ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंतच्या लहान कामांच्या मोजमाप पुस्तकात खांबाचा व्यास एकमेकींना काटकोनात असलेल्या दोन दिशांनी नोंदवावा आणि वाळूच्या फुगवट्यासाठी एक वेगळा रकाना ठेवावा. त्यासाठी लागणारे साधन म्हणजे काचेचे एक नळकांडे आणि एक पट्टी, एवढेच आहे.